नंदुरबारच्या मिरचीचे दोन नमुने: २२७ की २८१ नॅनोमीटर?

नंदुरबारला ओली लाल मिरची बाजार समितीत लिलावाने विकली जाते आणि व्यापारी ती शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर पसरून वाळवतात. या मैदानांना इथे मिरची पथारी म्हणतात. अशाच एका पथारीवरून वाळलेल्या मिरचीचे दोन नमुने आमच्या प्रयोगशाळेत आले. तापीच्या पट्ट्यातल्या एका महाविद्यालयात मी उपकरणं सांभाळतो. एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी प्रकल्पासाठी मिरचीतलं कॅप्सेसिन, म्हणजे तिला तिखट करणारं संयुग, मोजत होती. व्यापाऱ्याने दोन्ही पोत्यांवर खडूने खूण करून दिली होती: एक माल तिखटाचा, दुसरा रंगाचा.

एचपीएलसीवर, म्हणजे अर्कातले घटक कॉलम नावाच्या नळीतून वेगळे काढून प्रत्येकाने ठरावीक तरंगलांबीचा अतिनील (यूव्ही) प्रकाश किती शोषला ते डिटेक्टरने मोजणाऱ्या उपकरणावर, दोन्ही नमुने चालवले. तिखट मालात कॅप्सेसिन जास्त निघालं, पण फरक दुपटीचाही नव्हता. तिने आकडे व्यापाऱ्याला सांगितले. त्यांनी दोन्ही मिरच्यांचे तुकडे जिभेवर ठेवले आणि म्हणाले, "ताई, हाई मिरची जिभले झोंबस, अन् ती नुसती रंगनी शे. मंग तुमनं मशीन दोन्ही सारख्या कशा काय सांगस?"

या आक्षेपाकडे दुर्लक्ष करता येत नव्हतं. तिखटपणा मोजण्याची पहिली रूढ पद्धतच जिभेवर उभी आहे. विल्बर स्कोविल यांनी १९१२ मध्ये मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत नेला आणि चव घेणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत किती पट पातळ करावं लागतं यावर आकडा ठरवला. जिभेला दहा-वीस टक्क्यांचा फरक कळणार नाही. पण रोज शेकडो ढीग पाहणाऱ्या माणसाची जीभ तिप्पट-चौपट फरकाला सहसा फसत नाही. म्हणून मशीन बरोबर आणि माणूस चूक असं गृहीत न धरता तपासाला बसायचं ठरलं.

पद्धत कशी जुळवली होती

मिरची देठं काढून दळली होती. दळताना सगळ्या मजल्याला ठसका लागला, पण कूट एकसारखं होतं, चाळणीतून गाळलेलं. २५ ग्रॅम कूट २०० मिलिलिटर इथेनॉलमध्ये काही तास उकळवून, गाळून अर्क घेतला होता. कॉलम सी-१८. मोबाइल फेज, म्हणजे कॉलममधून वाहणारा द्रावक, ४० भाग ॲसिटोनायट्राइल आणि ६० भाग पाणी, त्या पाण्यात एक टक्का ॲसेटिक आम्ल. ही जोडणी मिरचीच्या तिखटपणासाठी छापलेल्या प्रमाण पद्धतीतूनच उचललेली आहे आणि तिच्यात काही खोट नाही.

मोजायच्या प्रकाशाची तरंगलांबी मात्र तिने तिथून घेतली नव्हती. स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचं शुद्ध कॅप्सेसिन मिथेनॉलमध्ये विरघळवून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर स्कॅन काढला. त्यात दोन उंचवटे दिसले, एक २२७ नॅनोमीटरजवळ आणि दुसरा २८१ ला. कॅप्सेसिनची मोलर शोषकता (ठरावीक दाटपणाला किती प्रकाश शोषला जातो तो आकडा) २२७ ला सुमारे ७,००० आणि २८१ ला सुमारे २,५०० आहे, म्हणजे डावा उंचवटा उजव्याच्या २.८ पट. 'लॅम्डा मॅक्स घ्या' हे पदवीच्या पहिल्या प्रात्यक्षिकापासून शिकवलं जातं. तिने सर्वांत उंच टोक घेतलं. छापलेल्या पद्धतीत २८० नॅनोमीटर होतं, ते तिला फुकट गमावलेल्या संवेदनशीलतेसारखं वाटलं.

तिचा तर्क कच्चा नव्हता, फक्त तो स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या क्युवेटपुरता, म्हणजे नमुना ठेवायच्या छोट्या पेटीपुरता खरा होता. क्युवेटमध्ये शुद्ध कॅप्सेसिन आणि मिथेनॉल एवढंच होतं. डिटेक्टरच्या सेलमधून मोबाइल फेज वाहतो, त्यात आम्ल असतं, आणि कॅप्सेसिनच्या मागेपुढे मिरचीतले इतर अनेक घटक येत असतात. तरंगलांबी या सगळ्यांना मिळून निवडायची असते.

तपास

नेहमीचे संशय आधी झटकले. स्टँडर्ड नव्याने बनवलं, तोच अर्क पुन्हा चालवला, आकडे तेच आले. डिटेक्टरची तरंगलांबी कॅफीनच्या द्रावणाने तपासली. कॅफीनचा माथा २७३ नॅनोमीटरला यायला हवा, तसा तो आला. ड्युटेरियम दिव्याच्या स्वतःच्या ४८६ आणि ६५६ नॅनोमीटरच्या रेषाही जागेवर होत्या. उपकरण खोटं बोलत नव्हतं.

मग सेलमधून डिटेक्टरपर्यंत किती प्रकाश पोहोचतो तो आकडा पाहिला. बहुतेक डिटेक्टर हा आकडा कुठल्यातरी कोपऱ्यातल्या मेनूत दाखवतात, पण रोजच्या कामात तिकडे कुणी फिरकत नाही. आधी सेलमधून नुसतं पाणी सोडलं, नंतर तिचा मोबाइल फेज. २८१ वर आकडा जवळजवळ हलला नाही. २२७ वर तो जवळजवळ पाचव्या हिश्शावर आला.

कारण ॲसेटिक आम्ल. एक टक्का ॲसेटिक आम्ल सुमारे २३० नॅनोमीटरच्या खाली स्वतःच इतका प्रकाश शोषतं की तिथे मोजमाप करू नये असं मानलं जातं. ॲसिटोनायट्राइल १९० पर्यंत स्वच्छ असतं, मिथेनॉल साधारण २०५ पर्यंत. म्हणून नुसत्या द्रावकाकडे पाहणाऱ्याला २२७ सुरक्षित वाटतं. अडचण द्रावकात मिसळलेल्या आम्लाची होती. आमच्या मिश्रणात आम्ल एकूण ०.६ टक्के पडत होतं आणि २२७ वर त्याची पार्श्वभूमी सुमारे ०.७ ॲब्सॉर्बन्स होती (हे शोषणाचं लॉग माप, १ म्हणजे फक्त दहावा हिस्सा प्रकाश पार).

विद्यार्थिनीने रास्त प्रश्न विचारला, "पण सर, बेसलाइन तर शून्यावरच होती." बेसलाइन, म्हणजे कुठलाही घटक येत नसतानाची रेषा, शून्यावर होती, कारण धाव सुरू होताना डिटेक्टर ऑटोझिरो करतो, त्या क्षणीच्या शोषणालाच शून्य धरतो. पाटी ठेवून तराजूचा काटा शून्यावर आणला तरी पाटीचं ओझं तराजूवर असतंच. इथे त्या ओझ्याने प्रकाशाचे चार-पंचमांश खाल्ले होते. उरलेल्या प्रकाशात मोजायचं तर गोंगाट वाढतो, निव्वळ प्रकाशकणांच्या हिशोबाने पाचच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे सुमारे २.२ पट. सिग्नलमधल्या २.८ पट फायद्यातला बराचसा इथेच संपला. त्यात पंपाचं मिश्रण कधीच अगदी स्थिर नसतं. ०.७ ॲब्सॉर्बन्सच्या पार्श्वभूमीत अर्ध्या टक्क्याचा चढउतार झाला तरी बेसलाइनवर ३.५ मिली ॲब्सॉर्बन्सची लाट उठते. तिच्या क्रोमॅटोग्रामवर, म्हणजे डिटेक्टरच्या आलेखावर, ती लाट स्पष्ट होती. आम्ही ती पंपाच्या सीलच्या खात्यावर मांडत होतो.

दुसरी गोष्ट कॅलिब्रेशनच्या, म्हणजे स्टँडर्डच्या माहीत दाटपणांवरून काढलेल्या रेषेत लपली होती. आर-वर्ग (रेषा बिंदूंना किती जुळते त्याचं माप, १ म्हणजे तंतोतंत) ०.९९८ आला होता आणि तेवढ्यावर सगळे समाधानी होते. प्रत्येक बिंदू रेषेपासून किती वर-खाली आहे ते मांडलं तेव्हा चित्र निराळं निघालं. मधले बिंदू रेषेच्या वर, दोन्ही टोकांचे खाली. म्हणजे रेषा नव्हतीच, वरच्या टोकाकडे खाली झुकत जाणारा वक्र होता आणि त्यातून बळजबरीने सरळ रेषा काढलेली होती.

हा वाक का आला, याचा हिशोब कागदावर करता येतो. कॅप्सेसिन आणि त्याचं तिखट भावंड डायहायड्रोकॅप्सेसिन यांची पीपीएममधली (दशलक्ष भागांत किती भाग) बेरीज गुणिले सुमारे १६ म्हणजे स्कोविल आकडा. ३०,००० स्कोविलची मिरची धरली तर तिच्यात साधारण १,९०० पीपीएम कॅप्सेसिनॉइड, म्हणजे हे दोन्ही मिळून, असतं. २५ ग्रॅमचं २०० मिलिलिटरमध्ये केलं की मिलिलिटरला जवळजवळ २४० मायक्रोग्रॅम. २० मायक्रोलिटर इंजेक्ट केलं आणि कॉलममध्ये होणारी पातळाई धरली, तर सगळं एकाच पीकमध्ये, म्हणजे आलेखावरच्या एकाच उंचवट्यात आलं असं मानून माथ्याची उंची २८१ वर पाव ॲब्सॉर्बन्सच्या आसपास आणि २२७ वर ०.७ च्या आसपास येते. आता त्यात आम्लाचे ०.७ मिळवा. एकूण १.४, म्हणजे आलेल्या प्रकाशातला फक्त चार टक्के डिटेक्टरपर्यंत पोहोचतो. या टप्प्यावर उपकरणातला भटका प्रकाश, जो नमुन्यातून न जाताच डिटेक्टरवर पडतो, हिशोबात लुडबुड करू लागतो. तो एक टक्का असला तरी ०.७ चं पीक सुमारे ०.६२ दिसतं. तिखट माल इथे कमी मोजला जात होता.

हे गणित मांडल्यावर एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. वाळलेल्या मिरचीत संवेदनशीलतेची टंचाई कधी नव्हतीच. ३,००० स्कोविलच्या मवाळ मिरचीचं पीकसुद्धा २८१ वर २५ मिली ॲब्सॉर्बन्सच्या घरात येतं, आणि त्या तरंगलांबीवर आमच्या डिटेक्टरचा गोंगाट त्याच्या कैक पटींनी लहान आहे. ज्या नमुन्याला गरज नव्हती त्याच्यासाठी सर्वांत संवेदनशील जागा शोधली गेली आणि किंमत निवडकपणात मोजली गेली.

तिसरी गोष्ट शोधायला शिमला मिरची आणली. ढोबळी मिरची वनस्पतीच्या दृष्टीने तिखट मिरचीचीच जात, पण तिच्यात तिखटपणा जवळजवळ शून्य. लाल शिमला मिरची चिरून, वाळवून, दळून तिचा अर्क अगदी तसाच केला. मिरचीचं सगळं काही असलेला पण कॅप्सेसिन नसलेला असा ब्लँक यापेक्षा जवळचा मिळणं कठीण. २८१ वर कॅप्सेसिनच्या वेळेला बेसलाइन सपाट होती. २२७ वर त्याच ठिकाणी एक रुंद, बसका उंचवटा होता.

असं होणारच होतं. २८१ ला शोषण येतं ते कॅप्सेसिनच्या टोकाला असलेल्या व्हॅनिलिल गटामुळे, म्हणजे हायड्रॉक्सी आणि मिथॉक्सी लावलेल्या बेंझिन वलयामुळे. असं वलय नसलेले बरेच रेणू तिथे गप्प असतात. २२७ ला तसं नाही. तिथपर्यंत खाली गेलं की कार्बोक्झिलिक आम्लं, अमाइड, जोडीतले दुहेरी बंध, सगळेच काही ना काही शोषतात. मिरचीच्या अर्कात मेदाम्लांपासून फिनॉलिक संयुगांपर्यंत भरपूर गर्दी असते. कॅप्सेसिन कमी असलेल्या रंगाच्या मालात या गर्दीचा वाटा पीकमध्ये मोठा होता.

आता दोन्ही तरंगलांब्या एकाच धावेत नोंदवून प्रत्येक पीकचं २२७ आणि २८१ वरचं गुणोत्तर काढलं. पातळ स्टँडर्डचं २.८ आलं, शोषकतेच्या आकड्यांशी जुळणारं. रंगाच्या मालाचं चारच्या वर गेलं. तिखट मालाचं अडीचच्या खाली आलं. पहिल्या नजरेला हे गोंधळात टाकतं, कारण एक वर आणि एक खाली. पण तिखट मालाइतकंच दाट स्टँडर्ड चालवलं तर त्याचंही गुणोत्तर तितकंच खाली येत होतं. म्हणजे तिथे दुसरा घटक मिसळलेला नव्हता, २२७ वरचं पीक नुसतं माथ्याला दबलं होतं. रंगाच्या मालाइतकं पातळ स्टँडर्ड मात्र २.८ वरच होतं, म्हणून तिथे खरोखरच काहीतरी सोबत येत होतं. तिखट आकडा वरून दाबला गेला होता आणि मवाळ आकडा खालून फुगवला गेला होता. दोघे जवळ आले ते असे.

२८१ वर तेच अर्क मोजले तेव्हा दोन मालांतला फरक साडेतीनपट निघाला.

काय काय पर्याय होते

विद्यार्थिनी २२७ सोडायला सहज तयार झाली नाही आणि ते मला आवडलं. तिने ॲसेटिकच्या जागी ०.१ टक्का फॉस्फोरिक आम्ल घालून पाहिलं. ते २०० पर्यंत जवळजवळ पारदर्शक असतं आणि कॅप्सेसिनच्या फिनॉल गटातला हायड्रोजन न सुटण्यापुरतं आम्लपण सहज देतं. बेसलाइनची लाट गेली, कॅलिब्रेशन बरंच सरळ झालं. शिमला मिरचीचा उंचवटा मात्र होता तिथेच राहिला. मोबाइल फेज बदलून द्रावकाचा दोष निघतो, मिरचीतली गर्दी हटत नाही. कॅप्सेसिनचे फार थोडे अंश शोधायचे असतील आणि नमुना आधी नीट साफ केलेला असेल, तर फॉस्फोरिकसोबत २२७ ही वाजवी निवड ठरेल. कुटासाठी नाही.

२५४ चा विचार एका सहकाऱ्याने सुचवला, कारण बऱ्याच जुन्या पद्धतींत तो असतो. पण त्याचं मूळ कुठल्या रेणूत नाही, दिव्यात आहे. सुरुवातीच्या डिटेक्टरांत कमी दाबाचा पाऱ्याचा दिवा असे आणि त्याची जोरदार रेषा २५३.७ नॅनोमीटरला पडते. तेव्हा दुसरी सोय नव्हती, सवय मात्र राहून गेली. कॅप्सेसिनच्या बाबतीत हा आकडा दोन उंचवट्यांमधल्या दरीत पडतो. तिथे शोषण कमी, शिवाय वक्र उताराचा, म्हणजे तरंगलांबी एखाद-दुसऱ्या नॅनोमीटरने सरकली तरी आकडा हलतो. २८१ चा माथा पसरट आहे, तिथे एवढ्या सरकण्याने फारसं बिघडत नाही. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळायचे असतील तर ही बाब सिग्नलच्या उंचीपेक्षा मोलाची.

फ्लुओरेसन्स डिटेक्टर असता तर २८० ला उद्दीपन आणि ३२५ ला उत्सर्जन धरून यूव्हीपेक्षा निवडक मोजमाप झालं असतं. आमच्याकडे तो नाही.

शेवटी ठरलं ते असं: मोबाइल फेजमध्ये फॉस्फोरिक आम्ल, मोजमाप २८१ वर, आणि दुसऱ्या चॅनेलवर २२७ चालू ठेवायचं, पण फक्त गुणोत्तरासाठी. एका तरंगलांबीवर आकडा काढायचा आणि दुसरीने त्या आकड्याची साक्ष घ्यायची, ही व्यवस्था दोन चॅनेल असलेल्या कुठल्याही साध्या यूव्ही डिटेक्टरवर जमते, त्यासाठी सगळ्या तरंगलांब्या एकदम टिपणारा डायोड ॲरे लागत नाही. नमुन्याचं गुणोत्तर त्याच दाटपणाच्या स्टँडर्डपासून पाच टक्क्यांहून जास्त हललं तर तो आकडा तसाच द्यायचा नाही, ही मर्यादा आम्ही आमच्यापुरती घातली. शिमला मिरचीच्या अर्कात मोजून कॅप्सेसिन घालून ते २८१ वर पूर्ण परत मिळतं का, हेही पाहिलं. मिळालं.

२८१ चा आणखी एक फायदा आहे. डायहायड्रोकॅप्सेसिन कॅप्सेसिनपेक्षा फक्त दोन हायड्रोजनांनी वेगळं, आणि तो फरक शेपटीतल्या एकट्या दुहेरी बंधाचा. व्हॅनिलिल गट दोघांत तोच. त्यामुळे २८१ वर दोघांचा रेणूमागे प्रतिसाद जवळजवळ सारखा येतो आणि डायहायड्रोचं महागडं स्टँडर्ड हाताशी नसलं तरी निदान कामचलाऊ आकडा काढता येतो.

जे तरंगलांबीने कधीच सुटणार नाही, तेही इथे सांगायला हवं. नोनिव्हामाइड नावाचं कृत्रिम तिखट मिरचीच्या उत्पादनांत भेसळ म्हणून घातलं जाऊ शकतं. त्याचाही व्हॅनिलिल गट तोच, म्हणून त्याचा यूव्ही वर्णपट कॅप्सेसिनसारखाच दिसतो आणि गुणोत्तरही २.८ च येतं. त्याला वेगळं काढायचं काम कॉलमचं आणि मोबाइल फेजचं आहे, डिटेक्टरचं नाही. दोघांच्या बाहेर पडण्याच्या वेळाही जवळजवळ असतात.

व्यापाऱ्याला नवा अहवाल दिला आणि जुना रद्द केल्याचं त्यावर लिहून दिलं. त्यांनी मग अवकाळी पावसात पथारीवर भिजलेल्या मालाचा तिसरा नमुना आणला, बुरशीचे काळे डाग असलेला. त्याचं गुणोत्तर आमच्या मर्यादेबाहेर गेलं. २८१ चं पीक जवळून पाहिलं तर डायहायड्रोकॅप्सेसिनच्या मागच्या उतारावर बारीकसा शोल्डर, म्हणजे दुसऱ्या घटकाचा अर्धवट उंचवटा होता. ॲसिटोनायट्राइल ४० वरून ३५ टक्क्यांवर आणल्यावर तो सुटा झाला, गुणोत्तर जागेवर आलं, पण धाव बरीच लांबली. म्हणून रोजच्या नमुन्यांना ४० टक्के ठेवलं आहे, आणि भिजलेल्या किंवा डागी मालाला ३५ टक्क्यांची लांब धाव, तीही प्रत्येक वेळी त्याच दिवशी चालवलेल्या स्टँडर्डसोबत.